गॅस क्रोमॅटोग्राफने पीएमएमएचा टीजी आणि ‘काय’ मोजताना येणारी तफावत

रसायनविद्यार्थिनी, वडोदरा

सर्वांना नमस्कार. मी वडोदऱ्यात पॉलिमर रसायनशास्त्रात संशोधन करते. टीजी (काचेसारखे कडक पॉलिमर ज्या तापमानाला मऊ होऊ लागते ते) मोजणारे आमच्या विभागातले डीएससी उपकरण काही महिन्यांपासून दुरुस्तीची वाट पाहत आहे. त्यामुळे माझ्या मार्गदर्शकांनी कोपऱ्यात पडून असलेला पॅक्ड कॉलमचा (दाणेदार भरणी भरलेल्या नळीचा) जुना गॅस क्रोमॅटोग्राफ वापरून ‘इनव्हर्स’ पद्धतीने काम करण्याचे सुचवले. नेहमीच्या गॅस क्रोमॅटोग्राफीत कॉलममधला पदार्थ माहीत असतो आणि सोडलेला नमुना अज्ञात असतो. येथे सगळे उलट आहे. कॉलममध्ये ज्याचा अभ्यास करायचा ते पॉलिमर बसवायचे, ओळखीच्या द्रवांची अत्यल्प वाफ त्यातून सोडायची आणि ती किती वेळ अडकून राहते यावरून पॉलिमरचे गुणधर्म काढायचे.

माझे पॉलिमर साधे, अटॅक्टिक (साखळीवरचे गट अनियमित मांडणीचे) पीएमएमए, म्हणजे पॉलिमिथाइल मेथाक्रिलेट आहे. एक ग्रॅम पॉलिमर इथाइल ॲसिटेटमध्ये विरघळवून ते नऊ ग्रॅम क्रोमोसॉर्ब डब्ल्यू या दाणेदार आधारावर रोटरी इव्हॅपोरेटरमध्ये चढवले, म्हणजे लेप १० टक्के. भरणी पाव इंची स्टीलच्या नळीत भरून कॉलम १४० अंश सेल्सिअसवर रात्रभर नायट्रोजनच्या प्रवाहात ठेवला. वाहक वायू नायट्रोजन, डिटेक्टर एफआयडी (ज्वाला-आयनीकरणाचा) आणि मृतवेळेसाठी (न अडकता कॉलम पार करायला लागणाऱ्या वेळेसाठी) मेथेन. डेकेन, टोल्यूइन, ब्युटाइल ॲसिटेट आणि एन-ब्युटानॉल हे द्रव ७० ते १७० अंशांच्या दरम्यान सोडून पाहिले.

अडचणी तीन आहेत. पहिली, विशिष्ट धारण-आकारमानाचा (दर ग्रॅम पॉलिमरमागे वाफ किती अडकते त्या मापाचा) लॉग आणि तापमानाचा व्यस्त यांच्या आलेखात डेकेनची रेघ १०५ अंशांच्या आसपास वाकते, मग वर चढते, १४० च्या पुढे तिला शिखर येते आणि त्यानंतर ती पुन्हा सरळ उतरते. यातला टीजी नेमका कोणता बिंदू? दुसरी, १६० अंशांवर टोल्यूइनसाठी मिळालेला फ्लोरी-हगिन्स ‘काय’ (पॉलिमर आणि विद्रावक किती जुळतात ते सांगणारा आकडा; कमी म्हणजे अधिक जुळणारे) छापील मूल्यापेक्षा सुमारे ०.२ ने जास्त येतो. तिसरी, डिटेक्टरच्या नोंदीत ब्युटानॉलच्या शिखराला लांब शेपूट येते. कोणी मार्गदर्शन केल्यास आभारी राहीन.

निवृत्त_जवाहरनगर

आपण नोंदी व्यवस्थित दिल्या आहेत, त्यामुळे उत्तर देणे सोपे झाले. ही पद्धत नावारूपाला आली ती टोरांटोच्या स्मिड्स्रोड आणि गिलेट यांच्या १९६९ च्या कामामुळे. योगायोग असा की आपल्या वडोदऱ्यातल्या पेट्रोकेमिकल कंपनीची, आयपीसीएलची, स्थापनाही त्याच वर्षीची. आमच्या काळी मात्र पॅक्ड कॉलम हे उत्पादनावर नजर ठेवण्याचे साधन होते, पॉलिमरची परीक्षा घेण्याचे नव्हे.

आधी टीजी. १०५ अंशांच्या खाली पॉलिमर काचेसारखे गोठलेले असते आणि डेकेनचे रेणू त्याच्या केवळ पृष्ठभागावर चिकटतात. तापमान वाढले की चिकटणे कमी होते, म्हणून रेघ सरळ उतरते. टीजी ओलांडताच साखळ्या हलू लागतात, डेकेन आत शिरू लागतो आणि धारण-आकारमान वाढते, पण हे शिरणे सुरुवातीला इतके मंद असते की वाफ कॉलममधून पुढे सरकण्याआधी समतोल साधलाच जात नाही. पुढे तापमान आणखी वाढल्यावर रेणू पटापट आतबाहेर करतात, समतोल साधतो आणि रेघ पुन्हा सरळ होते. म्हणून टीजी म्हणजे खालची सरळ रेघ पहिल्यांदा सोडली जाते तो बिंदू. तळ किंवा शिखर यांना टीजी समजू नये, कारण त्यांची जागा प्रवाहाचा वेग आणि लेपाची जाडी यांप्रमाणे सरकते. या बिंदूच्या आसपास प्रत्येक दोन-तीन अंशांवर मोजमाप घ्या आणि प्रत्येक तापमानाला कॉलमला किमान अर्धा तास द्या. डेकेनसारखा न विरघळवणारा द्रव निवडला हे योग्य केलेत, कारण टोल्यूइनसारखा चांगला विद्रावक थोडा जरी जास्त सोडला तरी तो पॉलिमरला मऊ करून टीजी खाली ओढतो. इथाइल ॲसिटेटचा अंश मागे राहिला तर तोही हेच करतो. आपण कॉलम रात्रभर तापवला आहे, पण मी असतो तर आणखी एक रात्र दिली असती. त्या वेळी डिटेक्टरची जोडणी मात्र सोडून ठेवावी.

आता ‘काय’. तो आपण १६० अंशांवर काढला आहे, म्हणजे टीजीपेक्षा सुमारे ५५ अंश वर, आणि सर्वसाधारणपणे पन्नासेक अंश वर गेल्यावर समतोल गृहीत धरतात. तरीही प्रवाह निम्मा करून टोल्यूइनचे धारण-आकारमान पुन्हा काढून पाहा. आकडा बदलला तर समतोल नाही, आणि अपुऱ्या समतोलामुळे धारण कमी दिसून ‘काय’ नेहमी वरच्या बाजूला सरकतो. मग दाब. गेजवर दिसतो तो दाब वातावरणाच्या वरचा असतो. त्यात बाहेरचा दाब मिळवूनच जेम्स-मार्टिन गुणकात (कॉलममधल्या दाबाच्या घटीची दुरुस्ती करणाऱ्या गुणकात) घालायचा. आत येणारा दाब बाहेरच्या दुप्पट असेल तर हा गुणक ०.६४ च्या आसपास येतो. येथे चूक झाली तर पुढच्या काटेकोरपणाचा काहीच उपयोग नाही. टोल्यूइन १११ अंशांना उकळतो, तेव्हा १६० अंशांवर त्याचा बाष्पदाब वातावरणाच्या तिपटीहून अधिक असतो, म्हणून वाफेच्या अनादर्शपणाची (ती आदर्श वायूसारखी वागत नाही याची) दुरुस्तीही गाळता येणार नाही.

शेवटची गोष्ट वडोदऱ्यातल्या प्रयोगशाळांसाठी खास महत्त्वाची आहे. साबणाच्या बुडबुड्याच्या फ्लोमीटरने प्रवाह मोजत असाल तर नायट्रोजनमध्ये पाण्याची वाफ मिसळते आणि प्रवाह आहे त्यापेक्षा जास्त दिसतो. थंड देशांच्या पुस्तकांत ही दुरुस्ती दोन-तीन टक्क्यांची दिसते, म्हणून विद्यार्थी ती सोडून देतात. आपल्याकडे वातानुकूलन नसलेल्या खोलीत ३४ अंशांना पाण्याचा बाष्पदाब सुमारे ४० मिलिमीटर असतो, म्हणजे चूक पाच टक्क्यांवर जाते, आणि मे महिन्यात ४० अंशांना सात टक्क्यांपुढे.

मकरपुरा_लॅब

ब्युटानॉलच्या शेपटीबद्दल लिहितो. क्रोमोसॉर्ब हा डायटमांच्या मातीपासून केलेला आधार आहे आणि त्याच्या पृष्ठभागावर सिलॅनॉल गट (सिलिकॉनला जोडलेले ओएच गट) मोकळे असतात. अल्कोहोल त्यांना हायड्रोजन बंधाने धरून बसते. आपण आम्लाने धुतलेला आणि सिलेनची प्रक्रिया केलेला प्रकार घेतला आहे का, ते डब्यावर पाहा. साधा असेल तर शेपूट येणारच. पीएमएमएमधला कार्बोनिल गटही ब्युटानॉलला धरतो, पण त्यामुळे शिखर उशिरा येते, वाकडे होत नाही. पडताळणीसाठी पॉलिमर न चढवलेल्या आधाराचा एक कॉलम भरा आणि त्यावर तोच द्रव सोडा. तेथेही शेपूट दिसली तर दोष आधाराचा.

दुसरे म्हणजे द्रव खरोखर किती सोडता ते सांगा. सुई भरून मायक्रोलिटर सोडला तर अनंत विरलता (वाफेचे रेणू एकमेकांवर परिणाम करणार नाहीत इतकी विरळ स्थिती) राहत नाही. आम्ही सिरिंज भरून रिकामी करतो आणि सुईत राहिलेली नुसती वाफ हवेसह सोडतो. दोन-तीन वेगवेगळ्या मात्रांना शिखराची वेळ तीच राहिली पाहिजे.

नवशिका_पॉलिमर

क्षमा असावी, पण एवढा खटाटोप कशासाठी? जीपीसी (जेल परमिएशन क्रोमॅटोग्राफी) वापरून पॉलिमरचे गुणधर्म अधिक सहज मिळत नाहीत का?

मकरपुरा_लॅब

जीपीसी द्रावणातल्या साखळ्या आकारमानाप्रमाणे वेगळ्या करते आणि त्यावरून रेणुभाराचे वाटप सांगते. घन अवस्थेतले पॉलिमर एखाद्या विद्रावकाला किती जवळ करते, हे ती सांगत नाही. दोन्ही नावांत क्रोमॅटोग्राफी असली तरी उत्तरे वेगवेगळ्या प्रश्नांची आहेत. अर्थात प्रश्नकर्त्यांकडे जीपीसीचा आकडा असेल तर तो येथे द्यावा, कारण रेणुभार कमी असलेल्या पीएमएमएचा टीजी खाली येतो. साखळीची रचनाही पाहावी लागते: आयसोटॅक्टिक (सर्व गट एकाच बाजूला असलेल्या) पीएमएमएचा टीजी ५० अंशांच्या आसपास असतो आणि सिंडिओटॅक्टिकचा (गट आलटून-पालटून असलेल्याचा) १२० च्या पुढे. छापील आकडा कोणत्या नमुन्याचा आहे हे न पाहता तुलना करणे निरर्थक आहे.

रसायनविद्यार्थिनी, वडोदरा

आपणा सर्वांचे मनापासून आभार. आधार खरोखरच साधा, सिलेनची प्रक्रिया न केलेला निघाला. तो प्रश्न मिटला, निदान त्याचे कारण कळले. मात्रा आता सुईतल्या वाफेपुरती केली आहे. टीजी दोन-दोन अंशांच्या टप्प्यांनी घेतल्यावर पहिला वाक १०४ ते १०६ अंशांदरम्यान मिळतो आणि दुसऱ्या रात्रीच्या तापवण्यानंतरही तो तेथेच आहे. दाबाचे गणित मी आधीपासून बरोबर करत होते, अनादर्शपणाची दुरुस्तीही होती, आणि १६० अंशांवर प्रवाह निम्मा केला तरी धारण-आकारमान बदलत नाही.

मात्र पाण्याच्या वाफेची दुरुस्ती मी केली नव्हती. खोलीचे तापमान ३४ अंश होते. ती दुरुस्ती केल्यावर धारण-आकारमान पाच टक्क्यांनी कमी झाले आणि त्यामुळे ‘काय’ ०.०५ ने आणखी वाढला! म्हणजे फरक ०.२ वरून ०.२५ वर गेला. बरोबर दुरुस्ती केल्यावर उत्तर अधिक चुकावे, हे काय गौडबंगाल आहे ते कळत नाही. मार्गदर्शक विचारतात, ‘काय’ किती आला, आणि मला सांगायला संकोच वाटतो.

निवृत्त_जवाहरनगर

संकोच करू नका. दोन चुका विरुद्ध दिशांना असतील तर त्या एकमेकींना झाकतात, आणि एक दूर केली की दुसरी पूर्ण उघडी पडते. आता दुसरी शोधायची. कॉलममध्ये पॉलिमर किती आहे, हे आपल्याला कसे कळले? आपण १० टक्के लिहिले आहे, पण ते विरघळवताना घेतलेले प्रमाण आहे, कॉलमपर्यंत पोहोचलेले नव्हे. गोल फ्लास्कच्या काचेवर पातळ पापुद्रा राहिला असेल, आणि भरणी चाळताना लेपासह सुटलेला भुगा चाळणीखाली गेला असेल. पॉलिमरचे वजन जास्त धरले की दर ग्रॅममागचे धारण कमी निघते आणि ‘काय’ वर जातो, म्हणजे आपल्याला दिसतो त्याच दिशेने.

टीजी ठीक आणि ‘काय’ चुकीचा, हेही या निदानाशी जुळते. वजनातली चूक प्रत्येक बिंदूच्या लॉगमध्ये तेवढीच मिळते, म्हणून संपूर्ण आलेख जसाच्या तसा वर किंवा खाली सरकतो, पण त्याचा वाक जागचा हलत नाही. ‘काय’ मात्र त्या लॉगमधूनच थेट निघतो, त्यामुळे वजनातली वीस-एकवीस टक्क्यांची चूक त्यात पूर्ण उतरते. मेथेनच्या वेळेतली चूक असती तर चित्र वेगळे दिसले असते: वरच्या तापमानांना धारण आधीच थोडे असते, तेथे मृतवेळेतला एखादा सेकंदही जड जातो आणि सरळ रेघ वाकते. आपली वरची रेघ सरळ आहे असे आपण म्हणता, म्हणून माझा संशय वजनावरच आहे.

मकरपुरा_लॅब

वजन काढण्याचा सोपा मार्ग भट्टीचा आहे. भरणीचा उरलेला भाग असेल तर त्यातला एक ग्रॅम, नसेल तर कॉलमच्या दोन्ही टोकांची थोडी भरणी, पोर्सिलेनच्या मुशीत घेऊन मफल भट्टीत जाळा आणि वजनातली घट पाहा. पीएमएमएच्या बाबतीत हे फार सुटसुटीत आहे, कारण तापवल्यावर त्याची साखळी उलगडून बहुतांशी मोनोमरच होतो आणि मागे राख किंवा कोळसा राहत नाही. शेजारच्या मुशीत कोरा आधार ठेवायला विसरू नका. त्याच्यातही ओलावा असतो, आणि ती घट वजा केली नाही तर पॉलिमर पुन्हा जास्त मोजले जाईल. मूस डेसिकेटरमध्ये गार करा. पावसाळ्यात तर तराजूवर ठेवल्या ठेवल्या आकडा चढताना दिसतो.

रसायनविद्यार्थिनी, वडोदरा

उत्तराला चार दिवस लागले, कारण भट्टीसाठी नाव नोंदवून थांबावे लागले. तीन मुशी भरणीच्या आणि दोन कोऱ्या आधाराच्या ठेवल्या. कोऱ्याची घट वजा केल्यावर लेप ७.९ टक्के निघाला! १० ला ७.९ ने भागून नैसर्गिक लॉग घेतला तर जवळपास ०.२४ येतो. नव्या वजनाने टोल्यूइनचा ‘काय’ छापील मूल्याच्या ०.०२ च्या आत आला आहे आणि ब्युटाइल ॲसिटेटचाही त्याच प्रमाणात खाली आला. फ्लास्क पुन्हा पाहिला तेव्हा तळाशी काचेला चिकटलेला पारदर्शक पापुद्रा नखाने सुटला. पीएमएमए काचेसारखेच स्वच्छ असल्यामुळे तो आधी दिसलाच नव्हता.

ब्युटानॉलचे आकडे तूर्त बाजूला ठेवले आहेत. सिलेनची प्रक्रिया केलेला आधार मागवला आहे. त्यावर दोन वेगवेगळ्या जाडीचे लेप चढवून पाहण्याचा विचार आहे, म्हणजे आधाराचा हस्तक्षेप उरतो की नाही ते कळेल.

निवृत्त_जवाहरनगर

दोन्ही लेपांच्या भरणीतले एकेक ग्रॅम भट्टीसाठी आधीच वेगळ्या बाटलीत काढून ठेवा, कॉलम भरल्यावर नव्हे.