रॅटच्या मेंदूच्या स्लाईड्स: भागांची नावं एकसारखी कशी नोंदवायची? सल्ला हवा

रंकाळ्याचा_वारा
कोल्हापुरातल्या एका प्राणिशास्त्र प्रयोगशाळेसाठी विचारतोय. रॅटच्या मेंदूचे ४० मायक्रॉनचे छेद, निसल स्टेन (पेशी दिसाव्यात म्हणून दिलेला रंग), दर सहावा छेद स्लाईडवर, सगळ्या मिळून आठशेच्या आसपास. लेबलवर कुठे 'हिप्पो', कुठे 'एचसी', कुठे नुसतं 'सीए१' (हा हिप्पोकॅम्पसचाच एक भाग). काहींवर रॅटच्या मेंदूच्या नकाशांच्या पुस्तकाचा, म्हणजे पॅक्सिनोस अ‍ॅटलसचा पान नंबर आहे, काहींवर तोही नाही. हे सगळं एका कॅटलॉगमध्ये आणायचंय. अ‍ॅटलस कोणता धरावा, रकाने कोणते ठेवावेत? विभागाला मराठी नावंही हवी आहेत.

गटनंबर
आधी एक करा: जुनं लेबल जसंच्या तसं, चुकांसकट एका रकान्यात उतरवा आणि त्या रकान्याला पुन्हा हात लावू नका. सुधारणा शेजारच्या रकान्यात.

अ‍ॅटलस वॅक्सहोम स्पेस, रॅटचा, आवृत्ती ४. ती २०२३ मध्ये आली, २२२ भाग आखलेले आहेत आणि मोफत मिळते. पॅक्सिनोस-वॉटसन (पहिली आवृत्ती १९८२) स्टिरिओटॅक्सिकच्या (डोकं पक्कं धरून मेंदूतल्या ठरावीक जागी सुई नेण्याच्या) टेबलावर हवाच, त्याला तोड नाही. पण तो ठरावीक पानांचा. तुमचा छेद दोन पानांच्या मधे पडला किंवा ब्लेड जरा तिरकं लागलं, की अंदाजपंचे. वॅक्सहोम घनचित्र (थ्रीडी) आहे, क्विकनीआयआय सॉफ्टवेअरमध्ये तिरका छेदही बसवता येतो. छेदाची उरलेली ओढाताण व्हिज्युअलाइन या जोड सॉफ्टवेअरमध्ये काढायची. चित्रांच्या फाइलच्या नावात अंडरस्कोर, एस आणि पुढे तीन आकडी छेद क्रमांक ठेवा, नाहीतर क्रम लागत नाही.

आता नावाचं. 'माळावरचं रान' एवढं सांगून तलाठी सातबाऱ्यावर नोंद घेत नाही, गट नंबर आणि चतुःसीमा लागते. 'हिप्पोकॅम्पस'चं तेच. अ‍ॅलन इन्स्टिट्यूटच्या माऊस अ‍ॅटलसमध्ये 'हिप्पोकॅम्पल रीजन' म्हणजे मुख्यतः अमॉन्स हॉर्न (सीए१, सीए२ वगैरे यातच) आणि डेंटेट गायरस, शेजारचं सबिक्युलम बाहेर. तिथेच 'हिप्पोकॅम्पल फॉर्मेशन' धरलं तर सबिक्युलमच काय, एन्टोरायनल कॉर्टेक्ससुद्धा आत. एकाच मेंदूच्या पेशी मोजून दोन आकडे येतील आणि दोन्ही बरोबर असतील.

म्हणून नावासोबत अ‍ॅटलस, त्याची आवृत्ती आणि त्यातला भागाचा क्रमांक हे तीन वेगळे रकाने. आवृत्ती गाळू नका. या अ‍ॅटलसची, म्हणजे वॅक्सहोमची, पहिली आवृत्ती २०१४ ची, त्यानंतर हिप्पोकॅम्पसच्या आतल्या रेषा नव्याने आखल्या गेल्यात. फेरफार झालेल्या जमिनीचा जुना उतारा दाखवण्यासारखं होतं ते. पुढे बाजू (डावी-उजवी), यूबेरॉन (प्राण्यांच्या शरीरभागांची सामाईक यादी) क्रमांक, आणि जुन्या नावाचा नव्याशी संबंध, म्हणजे जुन्याच्या तुलनेत नवं नाव: तंतोतंत, जवळपास, जास्त व्यापक की जास्त संकुचित. हा शेवटचा रकाना लोक सोडतात आणि मग 'हिप्पो = सीए१' असली समीकरणं तयार होतात.

दोनदा_मोजा
वरचं सगळं बरोबर, पण फाइल कुठे नासते तेही बघा.

एक्सेल. यूबेरॉनमध्ये अमॉन्स हॉर्न म्हणजे ०००१९५४. नुसता आकडा टाकलात तर पुढची शून्यं उडून १९५४ उरतं, आणि ते साल वाटतं. पूर्ण क्रमांक यूबेरॉनच्या पूर्वपदासह, रकाना 'टेक्स्ट'.

संक्षेप रोमनमध्येच आणि मोठी-लहान अक्षरं जशीच्या तशी. पॅक्सिनोसमध्ये लहान अक्षरातलं 'सीपी' म्हणजे सेरेब्रल पेडंकल, अ‍ॅलनमध्ये मोठ्या अक्षरातलं 'सीपी' म्हणजे कॉडोप्युटामेन. कुणी हौसेने सगळा रकाना कॅपिटल केला की पांढऱ्या द्रव्याचा गठ्ठा (पेडंकल) थेट स्ट्रायाटममध्ये (कॉडोप्युटामेन त्याचाच भाग). देवनागरीत तर मोठं-लहान अक्षरच नाही, वर मीच दोन्ही 'सीपी' लिहिलेत बघा.

अ‍ॅटलसचं लेबलचं घनचित्र (ज्यात प्रत्येक बिंदूला भागाचा क्रमांक असतो) लहान-मोठं करताना 'निअरेस्ट नेबर'च निवडा, म्हणजे जवळच्या बिंदूचाच क्रमांक उचलला जातो. लिनिअर (सरासरी काढणारं) ठेवलं तर १७ आणि ५३ क्रमांकांच्या सीमेवर ३५ क्रमांकाचा कुठलातरी भलताच भाग उगवतो. पुढेमागे माऊसचा डेटा घेणार असाल तर अजून एक: अ‍ॅलनचे काही क्रमांक नऊ आकडी आहेत. फाइल ३२-बिट फ्लोटमध्ये सेव्ह केली तर १,६७,७७,२१६ च्या पुढचे बरेच पूर्णांक त्यात तंतोतंत मावत नाहीत, क्रमांक गुपचूप बदलतात. पूर्णांक प्रकारच ठेवा.

आणि डावं-उजवं: छेद स्लाईडवर चढवताना उलटतो. इथून पुढे कापण्याआधी डाव्या कॉर्टेक्समध्ये सुईने एक भोक पाडा. जुन्यांना खूण नसेल तर बाजू 'अज्ञात'. अंदाजाने 'डावी' लिहू नका.

पांढरा_रस्सा
मराठी नावांसाठी वेगळा रकाना ठेवा, शोध आणि जोडणी मात्र क्रमांकावरच. 'लहान मेंदू' आणि 'अनुमस्तिष्क' दोन्ही चालतात, एक मुख्य आणि दुसरं पर्यायी म्हणून नोंदवा. सीए१ किंवा सबिक्युलमला ओढूनताणून संस्कृत नाव पाडू नका, कुणी वापरणार नाही. लेखन मात्र एकदाच ठरवा: हिप्पोकॅम्पस की हिपोकॅम्पस. 'अ‍ॅमिग्डाला'तला पहिला 'अ‍ॅ' काही कीबोर्डवर 'ऍ' असा पडतो. डोळ्याला जवळपास सारखा, संगणकाला वेगळा. यादी ड्रॉपडाऊनने द्या, हाताने टाइप करू देऊ नका.

रंकाळ्याचा_वारा
भारी. दोन शंका. पान नंबरवाल्या स्लाईड्सचं काय? आणि ज्यांवर काहीच नाही त्यांचं?

गटनंबर
पान नंबर आवृत्तीप्रमाणे बदलतो, त्यामुळे कुठली आवृत्ती ते आधी शोधा आणि त्या पानावरचं ब्रेग्मापासूनचं (कवटीच्या सांध्यांवरचा बिंदू) अंतर मिलिमीटरमध्ये लिहा. ते अंतर नुसत्या बेरीज-वजाबाकीने वॅक्सहोममध्ये नेऊ नका. पॅक्सिनोस विस्टार रॅटचा, वॅक्सहोम स्प्रॅग डॉलीचा, मेंदूची मापं जुळत नाहीत. चित्र बसवूनच न्या.

काहीच नसलेल्या स्लाईड्स आधी प्राण्याप्रमाणे लावा. अँटीरियर कमिशर (मेंदूच्या दोन बाजू जोडणारा तंतूंचा पट्टा) मध्यरेषा ओलांडताना दिसतं तो छेद शोधा, वॅक्सहोमचा शून्य बिंदू तिथेच आहे. तिथून पुढे-मागे प्रत्येक छेदाला ०.२४ मिमी. मधला एखादा छेद फाटून गेला असेल तर हिशेब सरकतो, म्हणून मागे जाताना डेंटेट गायरस पहिल्यांदा दिसतो तिथे परत एकदा ताळा घ्या. तरीही सीए१ की सीए२ ठरत नसेल तर 'अमॉन्स हॉर्न' लिहून थांबा, संबंधाच्या रकान्यात 'जास्त व्यापक'.

दोनदा_मोजा
आठशेला हात घालण्याआधी वीस स्लाईड्स दोघांना वेगवेगळ्या भरायला द्या. जिथे दोघांचे क्रमांक जुळणार नाहीत, तिथल्या सीमेची व्याख्या एका ओळीत लिहून यादीला जोडा.