आंबिल ओढ्याला सीमाभिंत हवी की ओढ्याला जागा हवी?

सहकारनगरकर
विषय जुनाच आहे पण पावसाळा आला की पोटात गोळा येतो म्हणून लिहितेय. 25 सप्टेंबर 2019 ची रात्र इथल्या कुणीच विसरलेलं नाही. कात्रजकडे जोरदार पाऊस झाला आणि आंबिल ओढ्याचं पाणी काही कळायच्या आत पद्मावती, सहकारनगर, अरण्येश्वर करत दांडेकर पुलापर्यंत लोकांच्या घरात घुसलं, पुणे परिसरात वीसच्या वर माणसं गेली, गाड्या वाहून एकावर एक चढल्या. त्यानंतर उपाय ठरला तो सीमाभिंतीचा. माझं स्पष्ट मत आहे की दोन्ही काठांना काँक्रीटची भिंत घालणं म्हणजे ओढ्याचं गटार करणं आहे. गुळगुळीत भिंतीतून पाणी जास्त वेगाने पळतं आणि पुढच्या कल्व्हर्टला, म्हणजे रस्त्याखालच्या छोट्या पुलाला, जाऊन तुंबतं, म्हणजे माझ्या दारातला पूर मी खालच्या वस्तीच्या दारात ढकलला. काठावरची झाडं, गवत, माती हे सगळं पाणी धरून ठेवतं, भिंतीच्या पायासाठी पहिल्यांदा तेच खरवडून काढतात. भिंतीचा पैसा वरच्या बाजूला पाणी अडवायला आणि ओढ्याचं पात्र मोकळं करायला वापरायला पाहिजे.

तळमजला_अरण्येश्वर
ताई तुम्ही कितव्या मजल्यावर राहता? रागाने विचारत नाही, खरंच विचारतोय. आम्ही तळमजल्यावर, त्या रात्री आईला खुर्चीसकट उचलून जिन्यावर नेली आणि मागे वळून बघतो तर फ्रीज तरंगतोय. सकाळी घरात घोटाभर चिखल, मुलीची दहावीची पुस्तकं लगदा झालेली. तेव्हापासून रात्री पाऊस वाढला की मी मोबाईलची बॅटरी लावून ओढा बघायला जातो, झोपच लागत नाही. झाडं मलाही हवीत हो पण आमच्या इथे बिल्डिंग आणि पाणी यांच्यात जेमतेम दहा-बारा फूट आहेत, त्यात कुठलं पात्र मोकळं करणार? मला भिंत पाहिजे आणि ती या पावसाळ्याआधी पाहिजे.

सहकारनगरकर
दुसऱ्या मजल्यावर. तुमचं दुःख माझ्यापेक्षा मोठं आहे हे मान्यच. पण टांगेवाला कॉलनीत त्या रात्री भिंत पडूनच माणसं गेली ना? भिंत होती म्हणूनच लोक तिच्या भरवशावर घरात थांबले असतील, असं मला सारखं वाटतं.

तळमजला_अरण्येश्वर
ती भिंत पडली म्हणून भिंतच नको हे मला पटत नाही. चांगली बांधा म्हणा.

साईटवरचा
सिव्हिलमधे आहे, थोडं सांगतो. दोघांचंही अर्धं बरोबर आहे. भिंत पडते ती बहुतेकदा दोन कारणांनी, एक तर पाणी पायाखालची माती खणून नेतं, नाहीतर भिंतीमागे पाणी साठून मागून रेटा येतो आणि ते बाहेर पडायला भोकंच ठेवलेली नसतात. म्हणून जिथे जागा आहे तिथे गॅबियन घाला, म्हणजे जाळीत बांधलेले दगड, त्यातून पाणी झिरपतं आणि गवतही उगवतं. जिथे बिल्डिंग काठावरच आहे तिथे आरसीसीशिवाय पर्याय नाही, पाया खोल घ्या. पण सगळ्यात आधी कल्व्हर्ट बघा. भिंत कितीही उंच केली आणि पुढच्या पुलाची कमान बुटकी राहिली तर तिथे पालापाचोळा, गाद्या, फांद्या अडकणार आणि पाणी बाजूच्या रस्त्यावर येणारच. आणि गाळ! गाळ काढून काठावरच ढीग लावतात, पहिल्या जोरदार सरीत तो परत आत. राडारोड्याचंही तेच, रात्री डंपर येतो आणि सकाळी ओढा दोन फूट अरुंद.

दांडेकर_पूल
पात्र मोकळं करा, जागा द्या, हे वाचायला छान वाटतं. जागा म्हणजे आमची घरं. जून 2021 मधे भर पावसाळ्यात, कोरोना चालू असताना इथल्या झोपड्यांवर जेसीबी चालला, बायका-पोरं रस्त्यावर, शेवटी कोर्टाने स्थगिती दिली. वर काठाला लागून पार्किंगवाल्या सोसायट्या आहेत त्यांच्या कंपाऊंडला कुणी हात लावला का? ओढा सगळ्यांनी मिळून अरुंद केला आणि रुंद करायची वेळ आली की फक्त वस्ती आठवते. आधी जवळपास पक्कं घर द्या मग मोजपट्टी आणा.

सहकारनगरकर
हे मी पहिल्या पोस्टमधे लिहायला हवं होतं, चुकलंच. रुंदीकरण सुरू करायचं तर वरून, सोसायट्यांपासून करा, आमचीही त्यात आली तर येऊ दे.

कात्रज_घाटाखाली
आमच्याकडची बाजू ऐका. कात्रजचे तलाव नानासाहेब पेशव्यांच्या काळातले, तिथून शनिवारवाड्यापर्यंत नळाने पाणी जायचं. आज त्याच तलावात जलपर्णी आणि गाळ, मग पाणी साठायला जागा कुठे उरली? डोंगर फोडून प्लॉट पाडले, वरचे बारके ओहोळ बुजवून त्यावर रस्ते केले. पूर्वी मातीत मुरत मुरत खाली यायचं ते पाणी आता थेट येतं. खाली भिंत बांधा किंवा नका बांधू, डोंगर असाच कापत राहिलात तर काही खरं नाही. आणि हे विचारायचं कुणाला, मार्च 2022 ला नगरसेवकांची मुदत संपली त्यानंतर कित्येक वर्षं प्रशासकच होता, दार कुणाचं वाजवणार.

तळमजला_अरण्येश्वर
तलाव साफ होईल, डोंगर वाचेल, कोर्टाचा निकाल लागेल, तोपर्यंत पाच पावसाळे जातील. त्या पाच पावसाळ्यांत आई जिन्यावर. मी भिंतीवर ठाम आहे. फक्त साईटवरचा दादा म्हणतात तशी करा, पाया खोल, पाणी जायला भोकं, आणि पुढचा कल्व्हर्ट आधी मोठा.

साईटवरचा
तुमच्याकडे त्या रात्रीच्या पाण्याची खूण आहे का भिंतीवर? कुठल्याही भिंतीची उंची ठरवायला त्यासारखा पुरावा नाही.

तळमजला_अरण्येश्वर
आहे ना. सगळं घर रंगवलं पण हॉलमधला तेवढा पट्टा मुद्दाम ठेवलाय. आईच्या खांद्याच्या वर येतो.

सहकारनगरकर
माझा भिंतीला विरोध अजून आहे, पण तुमच्या तेवढ्या तुकड्यापुरता मागे घेते. रविवारी सकाळी टेप घेऊन येऊ का? तुमच्यासारख्या खुणा आणखी कुणी ठेवल्या असतील तर त्यांनीही सांगा, कात्रज ते दांडेकर पूल सगळ्या मोजून एका कागदावर आणते.

दांडेकर_पूल
आमच्या गल्लीत तीन घरांत आहेत. या.