नाताळचं दोस झालं, हे तुम्ही कशावरून ओळखता?

डिसेंबर लागला की गोव्यात दोस, दोदोल, पेराद, बिबिंक या नाताळच्या गोड पदार्थांची गडबड सुरू होते. चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, हिंदूंच्या घरी होतात त्या नेवऱ्या (करंज्या) नाताळला ख्रिस्ती शेजाऱ्यांकडे तळल्या जातात. कृती हव्या तितक्या मिळतात, पण बहुतेक सगळ्या 'घट्ट होईपर्यंत घोटा' एवढंच सांगून मोकळ्या होतात. खरं कसब तर त्याच्या पुढे आहे. म्हणून एकच प्रश्न विचारला होता: तुमच्या घरी कढई कधी उतरवायची हे कोण ठरवतं, आणि कशावरून? उत्तरं आली त्या क्रमाने देतेय.

असोळणा
मी सावंतवाडीची, लग्न करून इथे आले. नाताळचं चण्याचं दोस सासूबाईंच्या हातचं. अर्धा किलो चणाडाळ, तेवढीच साखर, एका मोठ्या नारळाचं खोबरं, थोडं तूप, वेलची आणि चिमूटभर मीठ. मीठ विसरलं तर गोडी नुसती अंगावर येते. डाळ मऊ शिजवून पाणी पूर्ण निथळायचं, कारण जे पाणी राहील ते आपल्यालाच घोटून आटवायचं असतं. डाळ आणि खोबरं गंधासारखं बारीक वाटायचं. साखर घातली की सगळं पातळ होतं, नवख्याचा धीर इथेच सुटतो. मग ते रटरटायला लागतं आणि गरम शिंतोडे उडतात, म्हणून सासूबाई मनगटापर्यंत फडकं गुंडाळतात.

त्यांची खूण अशी: डवल्याने (ढवळायच्या पळीने) तळाशी रेघ ओढायची. तळ दिसला आणि रेघ लगेच मिटली नाही, की चिमूटभर दोस थंड ताटलीवर घ्यायचं. बोटांना न चिकटता गोळी वळली तर गॅस बंद. मग तूप लावलेल्या पोळपाटावर ओतून लाटणं फिरवायचं आणि गरम असतानाच सुरीने तिरके काप आखायचे. वड्या सोडवायच्या मात्र पूर्ण गार झाल्यावरच. मी घाई केली तर त्या काही बोलत नाहीत, फक्त सुरी काढून घेतात!

म्हापसा
आमच्या शेजारी दोदोल होतं आणि ढवळायला आम्हा मुलांना हाक येते. पहिला जोर आंटीचा, शेवटचा तास तरण्या पोरांचा. माडाचा काळा गूळ शुक्रवारच्या बाजारातून आणायचा. साध्या गुळाने तो रंगही येत नाही आणि तो किंचित धुरकट वासही येत नाही, याबाबत माझं मत पक्कं आहे. तांदळाचं पीठ, नारळाचा रस, गूळ आणि शेवटी काजू. हात थांबला की तळाला लागलंच. तयार झाल्याची खूण डोळ्यांना दिसते: नारळाचं तेल सुटून कडेला चमकायला लागतं आणि सगळा गोळा डवल्याबरोबर फिरतो.

पेडणे
आमचं फक्त पेराद, म्हणजे पेरूची वडी. पेरू पिकलेले हवेत, पण गळालेले नकोत. गर चाळणीतून काढून साखरेबरोबर आटवायचा. कडा सोडली की झालं. लिंबाचा रस शेवटी.

कुंकळ्ळी
खुणेबद्दल नाही, पण हे लिहायलाच हवं. वडील गेले त्या वर्षी आमच्याकडे चूल गोडासाठी पेटली नाही. दुखवटा असलेल्या घरात नाताळचं गोड करत नाहीत. त्या वर्षी वाड्यावरच्या, म्हणजे आमच्या वस्तीतल्या, प्रत्येक घरातून क्रोशाच्या रुमालाने झाकलेलं ताट आलं. हिंदू शेजारणींनीही पाठवलं. त्यांच्याकडे दिवाळीला आमचं काही जात नाही, उलट त्यांचाच फराळ येतो, तरीही. आईने एकही ताट रिकामं परत केलं नाही, परसातली केळी का होईना, पण घालून दिली.

पणजी
आमच्या घरात नाताळला चॉकलेट फज होतं. आखातात नोकरी करून आलेल्या मावशीने आणलेली ही पद्धत आता आमचीच झाली आहे. दूध, साखर, लोणी, कोको आणि इथले काजू. मावशी थर्मामीटर वापरते आणि मला ते पटतं. पाक साधारण 115 अंश सेल्सिअसला आला की उतरवायचा, आणि मग कोमट होईपर्यंत त्याला हात लावायचा नाही. गरम असतानाच ढवळलं तर साखरेचे खडे मोठे होतात आणि वडी जिभेला रवाळ लागते. कोमट झाल्यावर जोरात घोटायचं. चकाकी जाऊन रंग मंद झाला की लगेच ट्रेमध्ये, नाहीतर कढईतच बसतं. थर्मामीटर नसेल तर पाण्याच्या वाटीत थेंब टाकून मऊ गोळी होते का ते बघा, आजीच्या काळापासूनची ती पद्धतही बरोबरच आहे.

असोळण्याहून पुन्हा
राहून गेलं ते सांगते. खोबरं असल्यामुळे चण्याचं दोस दमट हवेत फार दिवस टिकत नाही. ते आठवड्यात संपवा, उरलं तर फ्रीजमध्ये ठेवा. दोदोल मात्र बराच काळ राहतं, म्हणून परदेशी जाणाऱ्यांच्या बॅगेत तेच बांधून द्या.