ओढउपकरणावर ऑक्सिजनचा सेन्सर कोणता बसवावा? सल्ला हवा आहे

प्रश्न:
भूखंडमंचाच्या (किनाऱ्यालगतच्या उथळ समुद्रतळाच्या) कडेला, पृष्ठभागापासून २०० मीटर खोलीपर्यंत, जहाजामागे वर-खाली होत जाणाऱ्या उपकरणाने विरघळलेल्या ऑक्सिजनचा छेद मोजायचा आहे. जहाजाचा वेग ८ नॉट असेल. पडद्याचा विद्युतरासायनिक सेन्सर घ्यावा की ऑप्टोड (प्रकाशाच्या आधारे ऑक्सिजन मोजणारा सेन्सर), आणि आकडे विश्वासार्ह ठरावेत यासाठी कोणती तयारी करावी, याविषयी जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

पहिला प्रतिसाद:
माहितीपत्रकातील अचूकतेच्या आधी प्रतिसादकाल पाहावा, असे मी आग्रहाने सांगेन. ऑप्टोडच्या पातळ पापुद्र्यातील रंगद्रव्य प्रकाशाने उजळते आणि ऑक्सिजन जितका अधिक तितकी ती दीप्ती लवकर विझते. मात्र ऑक्सिजन त्या पापुद्र्यात झिरपायला वेळ लागतो. नेहमीच्या पापुद्र्याला बदलाचा ६३ टक्के भाग दाखवायला सुमारे २५ सेकंद लागू शकतात, तर जलद पापुद्र्याला सुमारे ८. उपकरण सेकंदाला १ मीटर उतरत असेल, तर ८ सेकंदांत ते ८ मीटर खाली गेलेले असते, आणि ऑक्सिजन झपाट्याने घटतो तो थर कधीकधी तेवढाच जाड असतो. परिणामी तीच सीमा उतरताना खोल आणि चढताना उथळ दिसते, छेदात करवतीसारखे दाते उमटतात आणि नवखा अभ्यासक त्यांना अंतर्गत लाटा (पाण्याच्या आतल्या थरांमधील लाटा) समजतो.

पडद्याचा सेन्सर पुष्कळदा अधिक चपळ असतो. परंतु तो स्वतः ऑक्सिजन खर्च करत असल्याने पंपाचा प्रवाह अखंड लागतो. जागा आणि वीज पुरत असल्यास दोन्ही बसवावेत, अन्यथा जलद ऑप्टोड घ्यावा. त्याचे कच्चे वाचन वेळेसह साठवावे, म्हणजे विलंबाची दुरुस्ती नंतर करता येते. उतरणीची आणि चढणीची वाचने जुळवून विलंब ठरवताना ती खोलीवर न जुळवता पाण्याच्या घनतेवर जुळवावीत, कारण खऱ्या अंतर्गत लाटा थरांनाच वर-खाली हलवतात.

दुसरा प्रतिसाद:
वरील मताशी सहमत आहे. ऑप्टोड नुसता कपाटात पडून असला तरी हळूहळू कमी दाखवू लागतो, म्हणून जुन्या प्रमाणपत्रावर विसंबू नये. ओढणीच्या आधी आणि नंतर जहाज थांबवून, सेन्सर सीटीडीसोबत (क्षारता, तापमान आणि खोली मोजणाऱ्या उपकरणासोबत) खाली सोडून, त्याच्या नमुना-बाटल्यांतील पाण्याचे विंकलर अनुमापन (ऑक्सिजन रासायनिक रीतीने मोजणे) करावे. १८८८ सालची ही पद्धत आजही आधारभूत आहे. बाटलीतून पहिला नमुना ऑक्सिजनचाच घ्यावा आणि त्यात बुडबुडा राहू देऊ नये. नमुने शक्यतो एकजीव थरांतून घ्यावेत, परंतु त्यांत कमी ऑक्सिजनचे पाणीही असावे. क्षारतेची (पाण्यातील मिठाच्या प्रमाणानुसार करायची) दुरुस्ती सेन्सरमध्ये आधीच झालेली नाही ना, हेही तपासावे. ती दोनदा केली गेल्यास सगळेच आकडे चुकतात.

प्रश्नकर्ता:
मनःपूर्वक आभार. उतरण्याचा वेग निम्मा केल्यास विलंबाचा प्रश्न सुटेल का?

पहिला प्रतिसादक:
खोलीतील चूक निम्मी होईल, परंतु त्याची किंमत आडव्या अंतरात मोजावी लागेल. ८ नॉट म्हणजे सेकंदाला सुमारे ४ मीटर. त्यामुळे २०० मीटरपर्यंतच्या एका पूर्ण फेरीत सध्या १.६ किलोमीटर अंतर जाते, ते ३.२ होईल. भूखंडमंचाच्या कडेला बदल थोड्या अंतरात होतात, त्यामुळे मी वेग कायम ठेवून जलद पापुद्रा निवडेन.