मदत हवी आहे: लिचीच्या लिक्विडला साबणाची चव येतेय. बाटली खराब की मी?

अर्धवट_धुके
नमस्कार मंडळी. वेळ नाही म्हणून थोडक्यात लिहितो. परवा वेपचं (ई-सिगारेटचं) नवीन लिक्विड उघडलं. लेबलवर ड्रॅगन फ्रूट, लिची, पॅशन फ्रूट आणि खाली बारीक अक्षरांत 'आइस'. पहिला झुरका झकास. तिसऱ्या-चौथ्यापासून तोंडात अंघोळीचा साबण. मग घशात मिरी टोचल्यासारखं. संध्याकाळपर्यंत तर काहीच लागेना, नुसती गार गोड वाफ.

आम्ही तिघं मिळून मागवतो आणि या वेळी चव बघून निकाल द्यायची पाळी माझी आहे. उद्या संध्याकाळपर्यंत हो किंवा नाही कळवायचंय. हो म्हटलं तर आणखी सहा बाटल्या येतील. बाटली खराब आहे का, एवढंच सांगा. कॉइल (लिक्विड तापवणारी तार) बदला असं कृपया कोणी सुचवू नका, कॉइल ठीक आहे.

कापूसकोंड्या
कॉइल बदला.

(हलके घ्या.) बरं, आता सांगा: छोटं पॉड आहे की जास्त वॅटचं मोठं मॉड? कॉइल किती ओहमची? किती वॅटवर? निकोटीन किती, सॉल्ट की साधं? पीजी-व्हीजीचं (प्रॉपिलीन ग्लायकॉल आणि ग्लिसरीनचं) प्रमाण? यातलं एक अक्षर तुम्ही लिहिलेलं नाही आणि निदान मात्र उद्या संध्याकाळपर्यंत पाहिजे.

ढगफुटी
ढग कसा येतोय? मी ०.१५ ओहमची मेश (जाळीची) कॉइल ८० वॅटवर चालवतो, समोरचा माणूस दिसत नाही. व्हीजी ८० च्या खाली कधी घेऊच नये.

अर्धवट_धुके
@ढगफुटी, ढगाचं कुणी विचारलेलं नाही.
@कापूसकोंड्या, मॉड. ०.२ ची मेश. ७० वॅट. व्हीजी ७०, पीजी ३०. निकोटीन मिलीला ३ मिलिग्रॅम, साधं. झालं? आता सांगा.

कापूसकोंड्या
नाही झालं. कॉइलवर वॅट किती छापलेत? आणि त्याच कॉइलवर याआधी काय ओढत होता?

अर्धवट_धुके
५० ते ६० छापलंय, पण ७० ला चव जास्त लागते. आधी दालचिनीवालं होतं. टँक गरम पाण्याने स्वच्छ धुतलाय.

कापूसकोंड्या
दालचिनी! अहो, टँक धुतलात, कॉइलमधला लिक्विड शोषणारा कापूस धुतलात का? कापसात बसलेली दालचिनी पुढच्या दोन-तीन टँकना पुरते. दालचिनीचा अर्क तर असा की काही जातीच्या प्लास्टिकच्या टँकला तडे घालतो, म्हणून काच वापरतात. तुमच्या लिचीने त्याच्यापुढे काय टिकाव धरायचा?

आणि ७० वॅटचं. पीजी १८८ अंशांना उकळतं, व्हीजी २९० ला. फळांचे वास त्याच्याही आधी उडणारे, नाजूक. तुम्ही आच वाढवलीत की तोंडाला जास्त चव लागते खरी, पण ती फळाची नसते. गोडीसाठी घातलेला सुक्रॅलोज तारेवर जळून काळा थर धरतो, त्याची असते. कॉइल काढा आणि मधली जाळी उजेडात धरून बघा. काळपट, चिकट दिसली तर मला परत विचारू नका.

जुना_जाणता
एवढा घोळ कशाला? मुरलेलं नाही, दुसरं काही नाही. झाकण उघडून दोन दिवस, मग झाकण लावून दोन आठवडे अंधाऱ्या कपाटात. मी २०११ पासून ओढतोय, न मुरवता एक बाटली तोंडाला लावली नाही.

कापूसकोंड्या
२०११ पासून चुकताय मग. कस्टर्ड, तंबाखू यांना मुरवणं मानवतं, हे मान्य. फळांच्या लिक्विडचं झाकण उघडं ठेवलं तर सगळ्यात आधी तेच वास निघून जातात ज्यांच्यासाठी बाटली घेतली. वर निकोटीनला हवा लागते ती वेगळीच.

जुना_जाणता
पहिल्या दिवशी कच्चा, अंगावर येणारा वास असतो तो जातो, हे मी माझ्या नाकाने अनुभवलंय. पुस्तकी ज्ञान तुमचं तुम्हाला लखलाभ.

अर्धवट_धुके
दोन आठवडे?? उद्या संध्याकाळ म्हणतोय मी.

अत्तरवाली
मी वेप करत नाही, पण वासांशी रोजचा संबंध आहे म्हणून लिहिते. धागाकर्ते, तुम्ही लिची खाल्ली आहे का? आणि पॅशन फ्रूट?

अर्धवट_धुके
लिची लहानपणी एकदा. पॅशन फ्रूट नाही. ड्रॅगन फ्रूट फोटोत बघितलंय. त्याचा इथे काय संबंध?

अत्तरवाली
सगळा संबंध तिथेच आहे. लिचीच्या वासातला मुख्य घटक रोझ ऑक्साइड. नावातच गुलाब आहे. लिचीच्या अर्काचा हात जरा जड झाला की फळ मागे पडतं आणि गुलाब पुढे येतो. गुलाबाचा वास तुम्ही जन्मभर कुठे घेतलात? साबणात, पावडरीत. खाल्लेल्या फळाची आठवण पक्की नसेल तर मेंदू हाताशी असेल ते उचलून देतो. तुमचा साबण म्हणजे बहुधा लिचीच आहे.

पॅशन फ्रूटचं आणखी मजेशीर. त्याचा तो उष्ण प्रदेशातल्या फळाचा दरवळ गंधकाच्या संयुगांमुळे येतो. अगदी किंचित असतील तर तोंडाला पाणी सुटतं, प्रमाण वाढलं की मांजराने कोपरा खराब केल्याचा भास होतो. आणि ड्रॅगन फ्रूट फोटोत बघितलंत तेवढं पुरे. खऱ्या फळाला फारशी चवच नसते. बाटलीतलं ड्रॅगन फ्रूट म्हणजे फ्लेवर बनवणाऱ्याची कल्पनाशक्ती.

एक करून बघा. टीपकागदाची बोटभर लांब पट्टी कापा. टोकाला एक थेंब. लगेच हुंगा, दहा मिनिटांनी हुंगा, दोन तासांनी हुंगा. आधी जे उडून जाईल आणि शेवटपर्यंत जे चिकटून राहील, दोन्ही लिहून ठेवा. मग एक झुरका नाक चिमटीत धरून घ्या. तेव्हा लागेल ती फक्त गोडी, गारवा आणि घशाचं टोचणं. नाक सोडलंत की वाफ बाहेर जाताना फळ एकदम उगवेल. तुम्ही ज्याला चव म्हणताय त्यातलं बरंचसं नाकाचं काम आहे.

चव_चाखे
कागद-बिगद कशाला, एक थेंब सरळ जिभेवर टाकायचा. मी तसंच करतो.

कापूसकोंड्या
कृपया कुणी करू नका. ३ मिलिग्रॅमच्या एका थेंबाने काही होणार नाही, त्यात ०.१५ मिलिग्रॅमच्या आसपास निकोटीन येतं. पण सवय लागते आणि एक दिवस माणूस चुकून शॉटची (लिक्विडमध्ये मिसळायच्या जास्त तीव्र निकोटीनची) बाटली उचलतो. निकोटीन तोंडातून जातं तसं कातडीतूनही जातं. शिवाय जिभेवर कळते ती नुसती गोडी. वाफ झाल्यावर काय होणार ते थेंब सांगत नाही.

तमाशबीन
मी पॉपकॉर्न घेऊन बसलोय, चालू द्या.

फुप्फुसमित्र
पॉपकॉर्नवरून आठवलं. २००० साली अमेरिकेत मिझुरी राज्यातल्या मायक्रोवेव्ह पॉपकॉर्नच्या कारखान्यातल्या कामगारांना फुप्फुसांचा न बरा होणारा आजार झाल्याचं उघड झालं. संशय गेला लोण्याच्या वासासाठी वापरलेल्या डायॲसिटिलवर. खाण्यात तो चालतो, हुंगण्यात नाही. 'खाण्यायोग्य फ्लेवर' असं बाटलीवर वाचून खूश होणाऱ्यांनी विचार करावा.

जुना_जाणता
ते कस्टर्डवाल्यांचं. फळांत डायॲसिटिल नसतं.

फुप्फुसमित्र
२०१५ मध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी ५१ फ्लेवर तपासले, त्यातल्या ३९ मध्ये सापडलं. फळांचेही होते त्यात.

जुना_जाणता
मग सिगारेटच्या धुरात काय गुलाबपाणी असतं का? तिथे तर याहून जास्त असतं.

फुप्फुसमित्र
म्हणून सिगारेट ओढा असं मी कुठे म्हटलं?

अर्धवट_धुके
मंडळी, नवीन धागा काढा ना. कॉइल बघितली. काळी आहे. ठीक आहे, बदलतो. पण मिरीचं काय? ती गुलाबात बसत नाही.

कापूसकोंड्या
बसत नाही, बरोबर. दालचिनीवर थोडं घाला, पण ती तिखट-गोड लागते, मिरीसारखी टोचत नाही. निकोटीन ३ म्हणालात. बाटली ३ चीच आली, की शॉट घालून केलीत?

अर्धवट_धुके
शॉट घालून. ६० च्या बाटलीत ५० मिली बिननिकोटीनचं येतं, त्यात १८ चा १० मिली शॉट. सगळेच तसं करतात, त्यात सांगण्यासारखं काय आहे?

कापूसकोंड्या
हिशेब बरोबर, ३ च येतात. शॉट नवीन होता?

अर्धवट_धुके
घरात होता. गेल्या वर्षीचा. सील उघडलेलं होतं, पण भरलेला होता.

कापूसकोंड्या
रंग?

अर्धवट_धुके
तपकिरी.

कापूसकोंड्या
ठेवला कुठे होता?

अर्धवट_धुके
खिडकीत.

तमाशबीन
😂😂 चौथ्या पानावर खिडकी निघाली.

कापूसकोंड्या
ही घ्या तुमची मिरी. निकोटीन चांगलं असतं तेव्हा पाण्यासारखं किंवा अगदी फिकट पिवळं. उजेड, ऊब आणि हवा मिळाली की तपकिरी होतं आणि घशाला मिरपुडीसारखं लागतं. कंपनीने धाडलेल्या ५० मिलीत दोष नाही, तुम्ही ओतलेल्या १० मध्ये आहे.

जुना_जाणता
मुरवताना रंग बदलतोच. तपकिरी झालं म्हणजे खराब झालं असं नाही.

कापूसकोंड्या
एकदाचं मान्य, व्हॅनिलाही रंग बदलवतो. पण नुसत्या शॉटमध्ये व्हॅनिला कुठून आला?

अत्तरवाली
तुमच्या दोघा मित्रांकडे याच लिक्विडची न उघडलेली बाटली आहे का? असेल तर दोन पट्ट्या, दोन थेंब, शेजारी शेजारी. कुठली पट्टी कुणाची ते दुसऱ्याला लिहायला सांगा, तुम्हाला कळता कामा नये. आणि सर्दी, औषधं, नवीन पेस्ट, गुळण्यांचं औषध, असलं काही?

अर्धवट_धुके
एकाकडे आहे. आज रात्री जातो.
सर्दी नाही. गुळण्यांचं आहे. हिरड्यांसाठी दंतवैद्यांनी दिलंय, क्लोरहेक्सिडीन, दिवसातून दोनदा, गेला आठवडाभर. पण ते दातांसाठी आहे.

अत्तरवाली
क्लोरहेक्सिडीन चव बिघडवतं हो! वापर चालू असेपर्यंत खारट आणि कडू नीट कळत नाही. ते वैद्यांना न विचारता बंद करू नका, पण गुळण्या केल्या-केल्या परीक्षक होऊन बसू नका. दिवसभर एकच लिक्विड ओढलं तर संध्याकाळी नाक त्याची दखल घेणंच सोडतं, ते आणखी वेगळं. मध्ये काही तास सुट्टी द्या, पाणी प्या.

ढगफुटी
व्हीजी ८० केलं असतं तर यातलं काहीच झालं नसतं.

अर्धवट_धुके
परत आलो. सकाळच्या गुळण्या जेवणानंतर केल्या, त्याआधी बसलो. नवीन कॉइल, लिक्विड घालून दहा मिनिटं भिजू दिली, ५५ वॅट. मित्राच्या बाटलीत शॉट घातलाच नाही.

पट्ट्यांवर: साबण दोन्हीकडे. दहा मिनिटांनी जास्त, दोन तासांनी फक्त तोच. म्हणजे अत्तरवाली ताईंची लिची. मिरी मित्राच्या बाटलीत नाही, ओढल्यावरही नाही. माझ्या बाटलीत ५५ वॅटवरही आहे. पॅशन फ्रूट पहिल्या झुरक्यात आंबट चमकून जातं, गारव्यामुळे पुढे कळतच नाही. तो आइस कशाला घातलाय देव जाणे. नाक धरून ओढलं तर नुसतं गार गोड पाणी, हे मात्र भारी वाटलं, तिघांनीही करून बघितलं.

मला साबण नको. पण दुसऱ्या मित्राला तोच आवडला, म्हणतो छान वास येतो तोंडाला. म्हणून सहाऐवजी दोन मागवतोय, दोन्ही त्याच्या. जुना शॉट फेकून दिला.

कापूसकोंड्या
फेकला म्हणजे कुठे? सिंकमध्ये ओतला नाहीत ना?

अर्धवट_धुके
नाही, बाटलीसकट स्वयंपाकघरातल्या कचऱ्याच्या डब्यात. का? तेही चुकलं?

कापूसकोंड्या
घरात लहान मूल किंवा कुत्रं-मांजर आहे का? आधी जाऊन डब्यातून काढा, झाकण घट्ट बसलंय का बघा आणि हात धुवा. धोकादायक कचरा वेगळा घेतात तिथे द्यायचा तो.

अर्धवट_धुके
मांजर आहे. आलोच.