किनाऱ्याला दगडी बंधारा हवाच का? माझं मत: नको

पुळणकाठ:
आमच्या वाडीत (मालवण तालुका) परत धूपप्रतिबंधक बंधाऱ्याची मागणी निघालीये, ग्रामसभेत सगळे बाजूने आणि मी जवळपास एकटा विरोधात, म्हणून इथे सविस्तर लिहितो. पावसाळ्यात पुळण, म्हणजे किनाऱ्याची वाळू, खाली जाते हे खरंय. जून-जुलैत एकामागून एक उंच लाटा येतात, वर चढलेलं पाणी वाळूत मुरायच्या आत दुसरी लाट येते आणि परतताना वाळू ओढून नेते. पण ती वाळू लांब जात नाही, थोडी आत समुद्रात तिचा लांबलचक उंचवटा होतो आणि मोठ्या लाटा त्याच्यावरच फुटायला लागतात, म्हणजे किनारा स्वतःच स्वतःला वाचवत असतो. पाऊस सरला की संथ लाटा तीच वाळू हळूहळू वर आणून टाकतात. आजी सांगायची, आगोटीला, म्हणजे पावसाच्या तोंडावर, गेलेली पुळण दिवाळीपर्यंत परत येते. दगड टाकले की हे चक्र मोडतं, कारण वाळूच्या उतारावर चढताना लाटेचा जोर जिरतो, उभ्या बंधाऱ्यावर आपटली की बराचसा जोर मागे फिरतो आणि पायथ्याची वाळू उकरतो. शेजारच्या गावात बंधारा आहे, तिथे आता भरतीला पाय ठेवायला वाळू नाही. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढायची कुठे?

माडांचीरांग:
दादा, तुमचं घर पाण्यापासून किती लांब ते आधी सांगा. माझ्या वडलांनी लावलेले अकरा माड गेले, आता उधाणाच्या भरतीला पडवीपासून पंधरा पावलांवर पाणी असतं आणि रात्री लाटेच्या दणक्याने सासूबाईंना झोप लागत नाही. दिवाळीला वाळू परत येते मान्य, पण माड परत येतो का? आणि दरवर्षी जेवढी जाते तेवढी येत नाही हे आम्ही डोळ्याने बघतोय. मुंबईत मरीन ड्राइव्हला टेट्रापॉड, ते चार पायांचे काँक्रीटचे ठोकळे, टाकून ठेवलेत ते सगळ्यांना चालतं, गावातल्या बाईने दगड मागितला की लगेच निसर्गाचा धडा.

उधाणभरती:
ताईंचा राग बरोबर आहे पण मरीन ड्राइव्हचं उदाहरण इथे लागू होत नाही, ती भराव टाकून केलेली जमीन आहे, तिथे वाचवायची पुळणच नाही.
दोघांच्या लिहिण्यात एक गोष्ट सुटलीये, ती म्हणजे लाट येते कुठून. वारा किती जोराचा, किती वेळ आणि किती लांबीच्या पाण्यावरून वाहिला यावर लाट ठरते. आपल्याकडे कधी कधी वारा पडलेला असताना, आभाळ स्वच्छ असताना लाटा घरात शिरतात, त्या दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळांच्या असतात, जवळजवळ आठवडाभर प्रवास करून आलेल्या. केरळात याला कल्लक्कडल म्हणतात, चोरासारखा येणारा समुद्र. पाणी तेवढं लांबून येत नाही बरं का, ते जागच्या जागी गोल फिरतं, पुढे सरकतो तो जोर. अशा दोन लाटांमध्ये १४ सेकंदांचं अंतर असेल तर खोल पाण्यात तिची लांबी, म्हणजे एका माथ्यापासून पुढच्या माथ्यापर्यंत, ३०० मीटरच्या आसपास भरते, आणि लांबीच्या निम्म्या खोलीवर, म्हणजे १५० मीटरवरच तिला तळ लागायला सुरुवात होते. मग ती मंदावते, उंच होते, वळते. उंची दुप्पट झाली की ऊर्जा चौपट. वळताना जोर भूशिरावर एकवटतो आणि खाडीच्या बाकात पसरतो, हरिहरेश्वरला प्रदक्षिणेच्या वाटेवर कातळ कसा कापलाय ते बघा. म्हणून एका गावात जे चाललं ते दुसरीकडे चालेलच असं नाही.

चेन्नईतूनमालवणी:
मी नोकरीमुळे चेन्नईला असते, पुद्दुचेरीचा किनारा बघितलाय. तिथे १९८० च्या दशकाच्या शेवटी बंदरासाठी ब्रेकवॉटर, म्हणजे समुद्रात आत जाणारे लाटा अडवायचे बांध, बांधले, पूर्व किनाऱ्यावर वाळू वर्षभरात एकूण उत्तरेकडे सरकते, ती अडली आणि शहरासमोरचा समुद्रकिनाराच गेला, दगड तेवढे उरले. अलीकडे पाण्याखाली कृत्रिम रीफ, म्हणजे लाटेचा जोर मोडणारा उंचवटा, बसवून वाळू टाकली तेव्हा बीच परत दिसायला लागला. म्हणजे दगड नाहीतर काहीच नाही असं नसतं. पण उलट बाजूही सांगते, कोचीजवळ चेल्लानमला टेट्रापॉडची साधारण ७ किलोमीटरची भिंत झाली आणि तिथल्या घरांत पाणी शिरणं खरंच थांबलं. भिंत जिथे संपते त्या पुढची माणसं मात्र ओरडतायत, आता समुद्र आमच्याकडे घुसतोय म्हणून.

माडांचीरांग:
रीफ, वाळू टाकणं, हे आमच्या वाडीसाठी कोण करणार? बंधाऱ्याचं एस्टिमेट तरी निघतं. आणि पुळणकाठ दादा, नदीतली वाळू रात्रंदिवस पंपाने उपसतात त्यावर तुम्ही एक ओळ लिहिली नाही, समुद्राला द्यायला वाळू उरलीच नाही तर तुमची दिवाळीची पुळण येणार कुठून?

पुळणकाठ:
हे माझं चुकलं, उपसा मी लिहायलाच हवा होता, खाडीतून येणारी वाळूच किनाऱ्याचं भांडवल आहे. ताई, तुमच्यासारखी जी सात-आठ घरं अगदी पाण्यावर आहेत तिथे दगड टाका, मी ग्रामसभेत विरोध करणार नाही. पण अख्खी पुळण बांधून काढू नका, रापणीची जागा आणि वाळू धरून ठेवणारी मर्यादावेल वाढलीये तो पट्टा सोडा.

वाडीचंटोक:
आत्तापर्यंत नुसतं वाचत होतो. सात-आठ घरांपुरता बंधारा म्हणजे तो माझ्या कुंपणाशी संपणार, माझं नववं घर. वरती चेन्नईच्या ताईंनी भिंतीपुढच्या माणसांबद्दल लिहिलंय ते मी दोनदा वाचलं. घालायचाच असेल तर खाडीच्या तोंडापर्यंत सलग घाला नाहीतर कोणालाच नको, मी तसा लेखी अर्ज देतोय.