दोन जुन्या गोष्टी जोडल्या, तर ती पेटंटपुरती कल्पकता होते का?

नटबोल्ट:
पेटंटसाठी अर्ज केलाय: डब्याच्या झाकणाला ते मिटवणारी टॉर्शन स्प्रिंग (पिळातून जोर देणारी), कडेला चुंबक. दोन्ही जुनेच, पण एकत्र कुठल्याच एका दस्तऐवजात नाहीत. तरी परीक्षकाने दोन जुनी पेटंटं शेजारी ठेवून ‘हे उघड आहे’ असा आक्षेप घेतलाय. नेमकी किती कल्पकता लागते?

मसुदाकार:
‘किती’ला माप नाही. एकाच दस्तऐवजात सगळं नसलं की नावीन्य टिकतं. कल्पकता तपासताना मात्र परीक्षक दोन-तीन दस्तऐवज जोडू शकतो. कसोटी त्या क्षेत्रातल्या काल्पनिक कुशल माणसाची. त्याला जुनं सगळं ठाऊक असतं, प्रतिभा तेवढी नसते. युरोपीय पेटंट कार्यालय विचारतं ते असं: त्याला हे जमलं असतं का, एवढंच नाही, तर त्याने ते खरंच केलं असतं का, आणि कशासाठी?

स्प्रिंग आपलं काम करते, चुंबक आपलं, एवढंच असेल तर ती जोडाजोड झाली. पण झाकण मिटत येतं तसा स्प्रिंगचा जोर ओसरतो, आणि चुंबकाची ओढ नेमकी शेवटच्या काही मिलिमीटरमध्ये वाढते. त्यामुळे पातळ तारेची स्प्रिंग पुरत असेल, तर बोलायला जागा आहे. तीन नमुने करा: नुसती स्प्रिंग, नुसता चुंबक, दोन्ही. झाकण उघडायला लागणारं बल न्यूटनमध्ये मोजा.

तिरकस:
एवढ्यावर निभावणं कठीण. चुंबक जवळून जास्त ओढतो हे शाळकरी पोरही सांगेल. केएसआर विरुद्ध टेलिफ्लेक्स (२००७) मध्ये गाडीचं पुढेमागे सरकवता येणारं पेडल आणि इलेक्ट्रॉनिक सेन्सर यांची जोडी अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने उघड ठरवली. उलट १९६६च्या अ‍ॅडम्स खटल्यात मॅग्नेशियम आणि क्युप्रस क्लोराइडची, पाणी घातल्यावर चालणारी बॅटरी टिकली. घटक जुनेच होते, पण आधीची माहिती त्या वाटेपासून परावृत्त करणारी होती आणि तज्ज्ञांचा आधी विश्वासच बसला नव्हता. ‘चुंबकामुळे झाकण उघडायला जड जातं, टाळा’ असं जुन्या पेटंटांत कुठे लिहिलंय का ते शोधा. तसं एक वाक्य दहा चाचण्यांना भारी.

नटबोल्ट:
अर्जात मिटलेल्या झाकणातलं चुंबकाचं अंतर आणि ‘हलक्या हाताने उघडतं’ एवढं आहे. बलाचे आकडे नाहीत.

मसुदाकार:
मग ते अंतर मुख्य क्लेममध्ये, म्हणजे नेमका कशावर हक्क मागताय ते सांगणाऱ्या कलमात, घ्या. आकडे आक्षेपाच्या उत्तरासोबत पुरावा म्हणून जोडा. वर्णनात घुसवू नका, नवा मजकूर म्हणून काढायला लावतील.